पावसाळ्याची बेगमी आणि मिठाचा हिशेब



मंडळाच्या वर्धापनदिनाचं जेवण चाललं होतं. शेजारच्या पानावर बसलेल्या एका सूनबाईंनी विचारलं, "काका, तुम्ही घरी लोणचं घालता म्हणे. आमचं लोणचं दरवर्षी गणपतीच्या आत खराब होतं. काय चुकत असेल?" मी विचारलं, "किलोला मीठ किती घालता?" त्या म्हणाल्या, "वजन कधी केलं नाही. पण ह्यांना बीपी आहे ना, म्हणून जरा कमीच घालते."

उत्तर तिथेच द्यायचं होतं, पण वाढपी मठ्ठा घेऊन आले आणि विषय राहून गेला. तेच उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो. मी स्वयंपाकातला तज्ज्ञ नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पण सूनबाईंची चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचा हिशेब माझ्या वहीत लिहिलेला आहे.

आमची आई लोणचं अंदाजाने घालायची. खडे मीठ मुठीने, तिखट वाटीने, तेल डोळ्याने. कालवून झालं की बोटावर घेऊन चाखायची आणि म्हणायची, "पहिल्या दिवशी तोंड खारट झालं पाहिजे. गोड लागलं तर समज, नासणार." आई गेली आणि तिची मूठही गेली. पुढे काही वर्षं सौ.ने तिच्यासारखं करून निभावलं. मी निवृत्त झालो, पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लावली आणि मीठ-तेल निम्म्यावर आणायला सांगितलं. मी त्यांचा शब्द लोणच्याच्या बरणीपर्यंत नेला. पाच किलो फोडींना आई साधारण किलोभर मीठ घालत असे, मी ४०० ग्रॅम घालायला लावलं. तेलही निम्मं. सौ. म्हणाली, "अहो, मीठ कमी पडतंय." मी म्हटलं, "तू घाल, मी सांगतो तेवढंच."

आषाढात बरणीचा दादरा सोडला तर वर पांढरी साय आलेली, फोडी लिबलिबीत, आणि वास ताडीसारखा. पाच किलो कैऱ्या परसात खड्डा करून पुरल्या. सौ. काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

नंतर हिशेब मांडून पाहिला. नेहमीच्या लोणच्यात मसाला, तेल सगळं धरून वजनाच्या १२ टक्के मीठ असतं. एक मध्यम फोड १५ ग्रॅमची धरली तर तिच्यातून पोटात जातं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. माझ्या 'कमी मिठाच्या' लोणच्यात ते ग्रॅमच्या आत होतं. म्हणजे फोडीमागे एक ग्रॅम वाचवायला गेलो आणि सगळी बरणी घालवली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. दोन फोडी खाल्ल्या तर त्यातलं साडेतीन ग्रॅम तिथेच संपतं. तेव्हा बीपीवाल्यांनी लोणचं अर्धी फोड खावं, आठवड्यातून दोनदा खावं, नाहीतर सोडून द्यावं. बरणीतलं मीठ कमी करून पथ्य होत नाही. डॉक्टरांनी निम्मं मीठ म्हटलं ते पानातलं, एवढं मला तेव्हा कळलं नाही.

आता मीठ नेमकं काय करतं ते पाहू. कुठलाही पदार्थ नासतो तो त्यातल्या मोकळ्या पाण्यामुळे. जिवाणू आणि बुरशी दोघांनाही ते पाणी लागतं. मीठ कैरीतलं पाणी बाहेर ओढतं, त्याचाच खार सुटतो, आणि त्या खारात मीठ इतकं दाट असतं की जिवाणूंना ते पाणी वापरता येत नाही. साखरही दाट पाकात हेच काम करते. वाळवणात आपण पाणीच काढून टाकतो. चौथा उपाय आंबटपणा. कैरी, लिंबू, शिर्का यांच्या आंबटपणात सगळ्यात घातक जिवाणू वाढत नाहीत. तेलाचं काम वेगळं आहे. तेल काही मारत नाही, ते फक्त झाकण घालतं. बुरशीला हवा लागते, ती तेल तोडतं. म्हणून फोडींच्या वर बोटभर तेल उभं पाहिजे. मी मीठही कमी केलं आणि झाकणही काढलं, मग बुरशीचा काय दोष!

आपल्या गावाची हवा या कामाला सोपी नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, सह्याद्री जवळ. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत हे हिंडलग्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती यामुळे. लोणच्याची मोठी बरणी जुलैत रोज उघडली तर वरचा थर तसाच पातळ होतो आणि नासायला सुरुवात तिथूनच होते. आई महिन्याचं लोणचं एकदाच छोट्या बरणीत काढायची आणि मोठीचा दादरा पुन्हा आवळायची. तेव्हा आम्हाला तो कंजूषपणा वाटायचा.

दुसरी अडचण वळिवाची. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस असं पुण्या-मुंबईची पुस्तकं लिहितात. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून दुपारी चारला ढग येतात आणि पापडांची चादर उचलायला पळापळ होते. म्हणून बेळगावात वाळवण शिमग्यापासून पाडव्यापर्यंत उरकणारी घरं शहाणी. मिरच्याही त्याच सुमारास बाजारात उतरतात. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. मी दोन्ही मिसळतो, तीन भाग ब्याडगी आणि दोन भाग संकेश्वरी. नुसत्या संकेश्वरीचं लोणचं आमच्या नातवंडांना झेपत नाही.

माझी काही वर्षं निपाणीच्या शाखेत गेली. तंबाखूची कर्जं, गोदामाची तपासणी, हेच काम. तिथले शेतकरी पाला उन्हात वाळवायचे आणि पहाटे दवाने जरा मऊ झाला की गोळा करायचे, म्हणजे चुरा होत नाही. गोदामात मूठभर तंबाखू हातात चुरून, वास घेऊन ओल किती आहे ते सांगायचे. माझ्या हातात कागद असायचे, पण कागदावर ओल दिसत नसे. आत्या कुरडया कानाशी नेऊन मोडायची ती परीक्षा हीच. कट्‌ असा आवाज आला तर डबा बंद करायचा, वाकली तर अजून एक ऊन.

सांडगी मिरची याच दिवसांतली. जाड मिरचीला उभी चीर द्यायची, आत मीठ, मेथी, धणे-जिरे भरायचे, रात्री आंबट ताकात ठेवायची आणि दिवसा उन्हात. ताक संपेपर्यंत रोज तेच. मीठ, आंबटपणा आणि ऊन, तिन्ही उपाय एका मिरचीत.

मे महिन्यात कैरी. रायवळ, आंबट, घट्ट, बाठ धरलेली कैरी हवी. माझ्या वहीतलं प्रमाण देतो, ते अलीकडची सलग वर्षं टिकलेलं आहे. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम तिखट, ७५ ग्रॅम मोहरीची डाळ, हळद आणि मेथी २०-२० ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल २५० ग्रॅम. मेथी आणि हिंग थोड्या तेलात तळून कुटायचे. उरलेलं तेल धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण गार करायचं. कैऱ्या धुऊन पुसून कोरड्या करायच्या आणि मगच अडकित्त्याने फोडायच्या. फोडलेली कैरी धुतली की गेली. मीठ-हळद लावून एक रात्र ठेवायची, दुसऱ्या दिवशी सुटलेल्या खारासकट मसाला कालवायचा. खार फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी अर्धं मीठच फेकलेलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तेल वर आलं नाही तर आणखी तापवून, गार करून ओतावं. इथे हात आखडू नये.

मीठ वजन करूनच घ्या असं मी सांगतो त्यालाही कारण आहे. खडे मीठ आणि बारीक मीठ यांची एक वाटी सारखी भरत नाही. बारकं मीठ वाटीत दाबून बसतं आणि जास्त भरतं. आईचं माप खड्याचं होतं. ते ऐकून कुणी पुडीतलं मीठ घेतलं तर लोणचं खारट होईल, आणि पुढच्या वर्षी ती बाई घाबरून निम्मं घालेल. असेच कुटुंबातले अंदाज बिघडतात. दोन-तीनशे रुपयांचा वजनकाटा मिळतो, तो घ्या. खडे मीठ असेल तर कढईत कोरडं भाजून, गार करून कुटा.

मीठ म्हटलं की आपल्या रस्त्याची आठवण काढावी लागते. हिंडलगा वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर आहे. सुळगा, उचगाव फाटा, शिनोळी करत हा रस्ता आंबोलीचा घाट उतरून समुद्राला जातो. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीला वेंगुर्ला हेच जवळचं बंदर होतं. वेंगुर्ल्याशेजारी शिरोड्याची मिठागरं, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. घाटाखालून मीठ, सुकी मासळी आणि आमसुलं वर येत, घाटावरून मिरची आणि गूळ खाली जात. वर-खालच्या लोकांची बेगमी एकमेकांवर चालायची. गोव्यात या बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात, पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द. मडगावला पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्त भरतं. तिथे सुकी मासळी, मिरच्या, कोकम, शिर्का असं चार महिन्यांचं सामान लोक घेऊन जातात. दर्यात होड्या जात नाहीत तेव्हा खायचं काय, हा प्रश्न तिथे जास्त कडक असतो.

पावसाळ्यात घालायचं असं काही नसतं, त्या दिवसांत फक्त राखायचं. कोरडा चमचा, कोरडा हात, आणि जमिनीपासून वर फळीवर बरणी. दिवाळीनंतर पुन्हा काम निघतं. लिंबू, ओली हळद, आंबेहळद, आवळा. लिंबाच्या लोणच्याला तेल लागत नाही, कारण लिंबू स्वतःच तेवढं आंबट आहे. किलोला २०० ग्रॅम मीठ लावून बरणी वीस दिवस उन्हात फिरवली की साल मऊ होते आणि रंग विटकरी येतो.

मोरावळ्यात मिठाच्या जागी साखर येते, आणि मधुमेहवाले तिथे माझीच चूक करतात. आवळा एक किलो तर साखर निदान एक किलो, आम्ही सव्वा घालतो. पाकात साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर गेलं तर बुरशी धरत नाही. दोन तारी पाक म्हणजे साधारण तेच. आता मी स्वयंपाकाचा तापमापक वापरतो. उकळता पाक १०५ अंशांना आला की गॅस बंद. बेळगाव उंचावर असल्यामुळे पाणी इथे १०० च्या दोन-अडीच अंश खालीच उकळतं, तेव्हा आपल्याकडे १०२-१०३ ला पाक तयार होतो. हे न कळल्यामुळे पहिल्या वर्षी माझ्या मोरावळ्याचे दगड झाले होते. साखर कमीच घालायची असेल तर जरूर घाला, पण तो मोरावळा फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्यात संपवा. त्याला वर्षाचा म्हणू नका.

आता मांसाविषयी. शाकाहारी सभासदांनी हा भाग सोडून द्यावा.

आमच्या आजोळी यात्रेला बकरं पडलं की सगळं मटण त्या दोन दिवसांत संपत नसे. फ्रिज कुणाकडे होता! आजी उरलेल्या मटणाच्या लांब पातळ पट्ट्या काढायची, मीठ-हळद चोळून सुतळीत ओवायची आणि दिवसा उन्हात, रात्री चुलीवरच्या धुरात टांगायची. चार-पाच दिवसांत त्या काठीसारख्या व्हायच्या. पावसात भाजी नसली की चार तुकडे निखाऱ्यावर भाजून, ठेचून, कांद्यात परतले की घरभर वास. मराठवाड्यात अशाच वाळवलेल्या मांसाला चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने ही दलित घरांतली खाद्यपरंपरा पहिल्यांदा ठळकपणे छापून आणली. ज्यांच्या ताटात मांस कधीतरी यायचं, त्यांनी त्यातला तुकडाही वाया न घालवण्याची विद्या जपली. आपल्या लेखांत ती सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण मांस आणि कैरी एक नव्हे. कैरीत आंबटपणा उपजत असतो, मांसात तो नसतो. त्यामुळे मांस टिकवताना चूक झाली तर बरणी पुरून भागत नाही, माणूस आजारी पडतो. पट्टी पातळ असेल, मीठ भरपूर असेल, हवा कोरडी असेल तर पाणी लवकर जातं आणि धोका टळतो. जाड तुकडा बाहेरून वाळतो आणि आत ओला राहतो. ढगाळ दिवसात तर हे करूच नये.

गोव्याचे चौरीस आपल्या कॅम्पातल्या घरांना नवे नाहीत. डुकराचं मांस मिठात मुरवतात, मिरची, लसूण, आलं आणि ताडीचा शिर्का यांचा मसाला लावतात, आतड्यात भरून दोऱ्याने गाठी मारतात आणि उन्हात किंवा धुरावर टांगतात. मीठ, आंबटपणा, वाळवण, धूर, सगळे पहारेकरी एकत्र. इतके लागतात, कारण आतड्याच्या आत हवा नसते, आणि हवा नसलेल्या, ओल्या, आंबट नसलेल्या जागीच बॉट्युलिनम नावाचा जिवाणू विष तयार करतो. त्याचं नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडलं. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन मेलेल्या माणसांची नोंद केली होती. त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. म्हणून चौरीस घरी प्रयोग म्हणून करू नका. पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांकडून घ्या आणि पूर्ण शिजवून खा.

हल्ली मोबाईलवर पाहून मटणाचं आणि चिकनचं लोणचं पुष्कळ घरांत होतं. चवीला उत्तम. पण तळलेल्या मटणावर तेल ओतलं म्हणजे ते वर्षाचं लोणचं झालं असं समजून एका ओळखीच्या घरी बरणी फळीवर ठेवली होती. मी हात जोडून ती फ्रिजमध्ये ठेवायला लावली. तेलाखाली हवा नसते हे वर आलंच आहे. कैरीत जे तेल राखण करतं, तेच तेल मटणात चोराला आडोसा देतं. शिर्का किंवा लिंबाचा रस सढळ घाला, फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा दिवसांत संपवा. लसूण नुसती तेलात घालून बाहेर ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं. लसणाच्या लोणच्यात लिंबू भरपूर पाहिजे.

सुक्या मासळीबद्दल थोडंच. खारा बांगडा, सोडे, सुकट, बोंबील मे महिन्यात घेऊन पुन्हा दोन कडक उन्हं द्यावीत आणि पत्र्याच्या घट्ट डब्यात भरावीत. खाऱ्या बांगड्यात मीठ जबर असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी तो भिजवून पाणी टाकून द्यावा. हे मी स्वतःलाही सांगतो आणि दर वेळी ऐकतोच असं नाही.

ज्या वर्षी बरणी पुरली, त्याच्या पुढच्या मेमध्ये मी बाजारातून पाच किलो कैऱ्या आणि वजनकाटा घेऊन आलो. सौ.ने किलोभर मीठ तोललं, कालवलं, बोटावर घेऊन चाखलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. तोंड खारट झालं. तेव्हापासून दरवर्षी तारीख, वजन, कैरी कुठली, पाऊस कधी लागला आणि बरणी कधी संपली, एवढं वहीत लिहितो. आमची मुलगी बंगळुरात असते. तिने त्या पानाचा फोटो काढून नेला आणि आता तिकडे स्वतः घालते. तिकडची कैरी कमी आंबट निघाली म्हणून तिने एका लिंबाचा रस वाढवला, तेही वहीत नोंदवून घेतलं आहे.

ज्या सभासदांच्या घरी आई किंवा सासूबाई अजून अंदाजाने लोणचं घालतात, त्यांना एक विनंती. यंदा त्यांची मूठ भरली की ती आधी काट्यावर रिकामी करायला सांगा, आकडा लिहा, आणि मग बरणीत घाला. त्या रागावतील. रागावू द्या. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठला मंडळाच्या ओसरीवर मी काटा आणि मीठ घेऊन बसेन. कैऱ्या आपापल्या आणाव्यात, पुसून कोरड्या करून. कैरीचा मोठा अडकित्ता कुणाकडे असेल तर कृपया सोबत आणावा, आमच्या अडकित्त्याची कडी सैल झाली आहे.